दोघांचा एकांत

मराठीतला 'एकांत' हा शब्द दोघांनाही पुरतो. 'त्या दोघांना जरा एकांत मिळू द्या' असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कुणालाही विसंगती वाटत नाही. एकाकीपणा मात्र भरल्या घरातही ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. सर्वंकष सत्तेवरच्या कादंबऱ्या वर्षानुवर्षे वाचत आल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, त्यांतल्या राजवटींचा खरा डोळा या दोघांच्या एकांतावर असतो. प्रेमिकांच्या भेटीगाठी त्यांना एक वेळ चालतात.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची 'वुई' ही कादंबरी १९२०-२१ च्या सुमारास लिहिली गेली आणि त्यांच्या स्वतःच्या देशात ती छापली जायला १९८८ साल उजाडले. तिच्यातली माणसे काचेच्या घरांत राहतात, त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि शरीरसंबंधांना मुळीच बंदी नाही. गुलाबी कुपन दाखवले की ठरलेल्या वेळेपुरते पडदे सोडता येतात. हे कुपन मला कोणत्याही मनाई हुकमापेक्षा अधिक क्रूर वाटते, कारण मनाई निदान मोडता तरी येते. मोजून दिलेल्या सवलतीविरुद्ध बंड कसे करायचे?

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधल्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये ज्युलिया ही तरुणी नायक विन्स्टनच्या हातात एक चिठ्ठी सरकवते. ती उघडायला त्याला जवळजवळ आठ मिनिटे थांबावे लागते, कारण पाळत ठेवणाऱ्या समोरच्या दूरचित्र-पडद्यातून कुणीतरी पाहत असण्याची शक्यता असते. कॉलेजात असताना मला या कादंबरीतला सगळ्यात भयंकर प्रसंग १०१ क्रमांकाच्या खोलीतला वाटायचा, जिथे उंदरांच्या भीतीने विन्स्टन आपल्या जागी ज्युलियाला पुढे करतो. आता मी ते मत बदलले आहे. छळाला माणूस शरण जातो, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार बाहेर सुखरूप बसलेल्या वाचकाला नाही, असे मी मनापासून मानतो.

त्यानंतरचा उद्यानातला प्रसंग मात्र मला सोसवत नाही. मार्चमधला बोचऱ्या थंडीचा दिवस आहे, जमीन लोखंडासारखी कडक झाली आहे आणि दोघे योगायोगाने समोरासमोर येतात. त्यांच्यावर आता फारशी पाळत नाही. सत्तेला त्यांच्यात रस उरलेला नाही, हे विन्स्टनला ठाऊक आहे. तो तिच्या कमरेभोवती हात टाकतो, ती त्याला अडवत नाही, पण प्रतिसादही देत नाही. एकमेकांशी विश्वासघात केल्याची कबुली दोघेही देतात आणि मग बोलण्यासारखे काही राहत नाही. थोडे अंतर तिच्या मागे चालून तो उलट दिशेने निघतो, मग वळून पाहतो, तर घाईने जाणाऱ्या पाठमोऱ्या माणसांत ज्युलिया कोणती हे त्याला सांगता येत नाही. जिच्या चिठ्ठीसाठी त्याने जीव धोक्यात घातला होता, तिची पाठही त्याला ओळखू येऊ नये! भेटायची मोकळीक मिळाली तेव्हा भेटणारी माणसेच उरलेली नाहीत.

राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी 'द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम' या १९५१ च्या आपल्या ग्रंथाला १९५८ च्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणात सर्वंकष सत्तेची मुळे एकाकीपणात शोधली, आणि हा एकाकीपणा इतरांच्या सहवासातच सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो असे नोंदवले. उद्यानातले ते दोघे आठवले की मला हे म्हणणे तंतोतंत पटते.

या संदर्भात कारिन बोये यांची १९४० मधली 'कालोकाइन' ही स्वीडिश कादंबरी आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली दिसत नाही, याची मला खंत वाटते. तिच्यात झोपायच्या खोल्यांतही पोलिसांचे डोळे आणि कान बसवलेले आहेत. रसायनशास्त्रज्ञ लिओ काल मनातले खरे वदवून घेणारे औषध शोधून काढतो आणि बायकोच्या मनात दुसरा कुणी आहे या संशयाने तेच तिला टोचतो. नवऱ्यानेच राजवटीचे काम घरात आणलेले असते. संशय खोटा ठरतो, पण मागून मिळायला हवे होते ते त्याने हिसकावून घेतलेले असल्यामुळे त्याच्या हाती काहीच लागत नाही. पुढे एकदा त्याची बायको लिंडा आपण होऊन त्याच्याजवळ येते. औषधाशिवाय, कुणीही न विचारता, ती मुलांविषयी आणि स्वतःविषयी बोलत राहते, आणि लिओ नुसता ऐकत असतो.