विश्व संकेत धाडतंय, असं युंग म्हणाला नव्हता

"योगायोग असं काही नसतंच, त्याला सिंक्रोनिसिटी म्हणतात. युंगने ती सिद्ध केलीय, क्वांटम भौतिकीचाही दुजोरा आहे. घड्याळात 11:11 दिसलं की समजा, विश्व तुम्हाला संकेत देतंय." हा मजकूर हल्ली कुठून ना कुठून येऊन पडतोच.

आधी 'संकेत' घेऊ, खरा घोळ तिथेच आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने 1952 साली छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच सिंक्रोनिसिटीला 'अकारण' जोडणारं तत्त्व म्हटलंय. मनातली एक गोष्ट आणि बाहेरची एक घटना अर्थाने जुळतात, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. संकेत म्हटला की धाडणारा आला, त्याचा हेतू आला, म्हणजे कारण आलंच! मग सरळ 'दैवी कौल' म्हणा की. शब्द जुना आहे आणि प्रामाणिकही.

युंगचंच गाजलेलं उदाहरण बघा. एक रुग्ण बाई स्वप्नात मिळालेल्या सोनेरी भुंगेऱ्याच्या दागिन्याबद्दल सांगत होती, तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडून आत आलेला भुंगेरा पकडला आणि तिच्या हातात दिला. तिचा तर्कटी ताठरपणा त्यामुळे सैल झाला, याचं त्याला मोल होतं. भुंगेरा कुणी धाडला, हे तो शोधत बसला नाही.

'सिद्ध केलीय'? सिंक्रोनिसिटी पडताळायला त्याने विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या जुळतात का, हे तपासलं होतं. पहिल्या 180 जोडप्यांत काहीतरी गवसल्यासारखं वाटलं. संख्या 483वर गेली तसं ते विरलं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हे टिकत नाही, हे त्याने स्वतःच मान्य केलं.

क्वांटमचं नाव येतं ते वोल्फगांग पाउलीमुळे. हा नोबेलविजेता भौतिकशास्त्रज्ञ युंगचा स्नेही होता, दोघांचे निबंध एकाच पुस्तकात आले. पण पाउलीचा निबंध होता खगोलशास्त्रज्ञ केप्लरवर, क्वांटमवर नव्हे.

11:11 बारा तासांच्या घड्याळात रोज दोनदा वाजतात. 10:47ला पाहिलेलं कोण लक्षात ठेवतो?

आणि योगायोग नसतोच म्हणे! कुठलीही 23 माणसं एकत्र आली, तर त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50 टक्क्यांहून जास्त असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपली भाषा केव्हाची सांगतेय.

सिंक्रोनिसिटीसाठी काहीजण 'समकालिकता' लिहितात. तेही नको, नुसतं एकाच वेळी घडणं युंगने वेगळं काढलं होतं. मी 'अर्थपूर्ण योगायोग' लिहिते. अर्थ आपण लावलेला, योगायोग जिथल्या तिथे.