कासवाची अंडी समुद्रात सोडू नका

परवा रात्री खानापूरहून आत्तीचा फोन आला. "अण्णाला सांग, पोरांना घेऊन गोव्याला जायचं रद्द कर म्हणावं. समुद्र चढणार आहे. कासवं लाखांनी वर आलीत." पाठोपाठ तिनं तो मेसेज पाठवला, वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी तोच आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी भाचीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट आल्यावर आत्तीला ती खरी वाटली, यात तिचा दोष नाही. राग येतो तो न वाचता पुढे ढकलणाऱ्या शिकल्यासवरल्यांचा.

मेसेज थोडक्यात असा. ओडिशात एका रात्रीत 7 लाख कासवं समुद्रातून पळून किनाऱ्यावर आली. समुद्राचा तळ तापलाय, त्सुनामी येणार, मुक्या जीवांना आधी कळतं. पौर्णिमेमुळे ती ओढली जातात. आणि शेवटी: गोवा-कोकणात एकटं येणारं कासव कळपातून चुकलेलं असतं, त्याची अंडी वाळूत कुजून जातात, म्हणून अंडी दिसली तर उचलून समुद्रात सोडा, मोठं पुण्य लागेल.

मी शेवटापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं ऐकून माणसं फार तर घरी बसतील. हे ऐकून कुणीतरी खरंच अंडी उचलेल. बेळगाव, खानापूर, निपाणीतली माणसं सुट्टी लागली की चोर्ला नाहीतर आंबोली घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही गावं म्हणजे तिथली ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची ठिकाणं.

कासवाचं अंडं पाण्यात जगत नाही. कासव समुद्रात राहतं म्हणून त्याचं अंडंही समुद्रात वाढत असेल, हा समजच उलटा आहे. सगळं आयुष्य पाण्यात काढणारी मादी जीव धोक्यात घालून वर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, ती अंड्यांना ऊब आणि हवा मिळावी म्हणूनच. आतला गर्भ त्या मऊ कवचातून श्वास घेतो. अंडं पाण्यात टाकलं की तो गुदमरतो. एका खड्ड्यात शंभरेक अंडी असतात. पुण्य म्हणून तुम्ही शंभर जीव बुडवता.

नुसतं हातात घेऊन उलटसुलट करणंही घातक. आत्तीच्या परड्यात कोंबड्या आहेत म्हणून तिला मी तसंच समजावलं: खुडूक कोंबडी दिवसातून कितीदा तरी अंडी फिरवते आणि ती फिरवावीच लागतात. कासवाचं याच्या उलट. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरतो. वन खात्याची माणसं अंडी हलवतात तेव्हा लवकर हलवतात, आणि वरची बाजू वरच राहील असं जपून हलवतात. शिवाय हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

आता "चुकलेलं कासव". ऑलिव्ह रिडले ही जात दोन्ही तऱ्हांनी अंडी घालते: कुठे लाखांनी एकत्र, कुठे एकेकटी. त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. मार्च 2021 मध्ये ओडिशात पायाला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तिची 120 अंडी होती आणि त्यांतून 107 पिल्लं बाहेर आली. लाखांच्या मेळ्यातली कासवीण इकडे एकटी आली आणि तिची अंडी कुजली नाहीत. उलट लाखांच्या गर्दीतच जास्त नासाडी होते, कारण नंतर येणाऱ्या माद्या आधीच्यांचे खड्डे उकरतात आणि फुटलेली अंडी वाळूत सडतात. गुहागरची ही एक नोंद पुढे केली, की मेसेजचा तो भाग उरतच नाही.

त्सुनामीचं काय? एका रात्रीत काही झालं नाही. मेसेजमधले गर्दीचे फोटो आहेत ते 2025 च्या फेब्रुवारीतले, ओडिशातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळचे. तिथे आठवडाभराहून जास्त काळ ही रीघ चालली आणि जवळपास 7 लाखांची मोजणी झाली, आकडा तेवढा खरा. पण वर येतात त्या फक्त माद्या. नर एकही येत नाही. मादी तासाभरात अंडी घालून, वाळू दाबून पुन्हा त्याच समुद्रात जाते. जीव वाचवायला पळालेलं जनावर तासाभरात त्याच संकटात परत शिरतं का? ओडिशातल्याच गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावरचा असा मेळा 1974 पासून नोंदवला जातोय. बहुतेक वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तो भरतो. खरी त्सुनामी आली 26 डिसेंबर 2004 ला, तेव्हा अंडी घालायचा हंगाम यायचा होता.

मग ती एकदम कशी येतात? नोव्हेंबरपासून नदीमुखांजवळच्या उथळ समुद्रात नर-माद्या गोळा होतात. अंडी तयार झाली तरी मादी ती काही आठवडे पोटात धरून ठेवू शकते, तेवढा काळ गर्भाची वाढ थांबून राहते. म्हणून जोराचा पाऊस झाला, किनारा खचला, वारा जुळला नाही, तर त्या थांबतात, आणि जुळलं की हजारो एकदम निघतात. ओडिशात दक्षिणेकडचा वारा जोरात सुटला की कासवं येणार, असं तिथले लोक सांगतात. नदीनं आणलेली वाळू, किनाऱ्याचा उतार, वादळानं झालेली झीज, सगळ्याचा हिशोब असतो. ऋषिकुल्याला 2024 मध्ये मेळा भरलाच नाही, आणि पुढच्याच वर्षी एवढा भरला.

पौर्णिमेचं मला थोडं मान्य करावं लागेल. चंद्राच्या तिथीशी संबंध काही ठिकाणी दिसतो, पण मध्य अमेरिकेत तो बहुधा कृष्ण पक्षाच्या उत्तरार्धातला आहे, पौर्णिमेचा नव्हे.

तापण्याबद्दलही अर्धं खरं आहे, पण तळाबद्दल नाही, वाळूबद्दल. वाळू साधारण 29-30 अंशांवर असली तर नर-माद्या निम्म्या-निम्म्या होतात, जास्त तापली तर जवळजवळ सगळ्या माद्याच. 35 च्या पुढे गर्भ तगत नाही. काळजी करायची तर याची करावी. आणि जाळ्यांची: जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजाराहून जास्त मेलेली कासवं वाहून आली. मेसेजमधला मेलेल्या कासवांचा फोटो तिथला असेल, तर ती त्सुनामीनं नव्हे, बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेली.

आत्तीला हे सगळं सांगायला पाऊण तास लागला. अण्णा आणि पोरं शनिवारी निघतायत, मोरजीलाच. रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावायचा नाही, कुंपण घातलेल्या जागेजवळ जायचं नाही, आणि उघड्यावर अंडी किंवा पिल्लं दिसली तर हात न लावता तिथल्या वनरक्षकाला हाक मारायची, एवढं मी पोरांकडून पाठ करून घेतलंय. आत्तीनं तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज मागे घेतला. गल्लीच्या ग्रुपवर तो अजून तसाच आहे, म्हणून हे लिहिलं.