कट्ट्याला एक ‘र’ लावा

तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून शेंगा सोलता सोलता तुम्ही अजूनही चार पक्षांच्या चार माणसांशी हसून बोलत असाल, तर तुमचं काही खरं नाही. ठाण्यात राहून माणूस इतका मागे राहतोच कसा? कट्टा आणि कट्टर यांत अंतर ते किती, एका ‘र’चं. लावून टाका. पैसे पडत नाहीत आणि वाचनाची अट नाही.

वाचनाचं आधीच सांगतो, कारण शिकलेली माणसं नेमकी इथे अडतात. पुस्तकावर चिडायचं तर आधी ते वाचायला हवं, असा त्यांचा भाबडा समज. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. कारण, ‘राजसंन्यास’ नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. गडकरी वारले 1919 साली. म्हणजे राग पोचायला 98 वर्षं लागली. आपल्याकडे काही गोष्टींना उशीर होतो, चालायचंच. आणि ते नाटक गडकऱ्यांच्या हातून पुरंही झालं नव्हतं. लेखकालाच जे संपवता आलं नाही, ते आपण वाचून संपवायचं? आपल्या गडकरी रंगायतनला जाल तेव्हा हा विषय मनात आणू नका. मध्यंतरातला बटाटेवडा खा आणि घरी या.

शिवाय रागाचा पत्ता बरोबरच असला पाहिजे असंही नाही, जवळचा असला म्हणजे पुरे. 5 जानेवारी 2004 चं बघा ना. राग होता एका अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर. अमेरिका लांब, भांडारकर संस्था पुण्यात. कपाटं फुटली, पोथ्या विस्कटल्या. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरची कपबशीसुद्धा हलली नाही.

आता पुढचा धडा. लिहिणाऱ्याला धरून भागत नाही, त्याला मान डोलावणाराही धरावा लागतो. यात आपल्या जिल्ह्याचं नाव आधीच झालेलं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.) पोलिसांनी तिला अटक केली, आणि तिच्या मैत्रिणीलाही. मैत्रिणीचा गुन्हा? लाइक. पुढे मार्च 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते 66 अ कलमच रद्द केलं. म्हणून हातपाय गाळू नका. कलम गेलं, सोसायटीचा ग्रुप आहे.

आमच्या ग्रुपवर परवा निरोप आला, ‘उद्या पाणी येणार नाही.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘का बरं?’ झालं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर, ‘तुमच्या काळात रोज येत होतं का?’ काका जन्मभर बँकेत कॅशियर. त्यांचा काळ म्हणजे साडेदहा ते साडेपाच. पण तो सुवर्णकाळ नव्हता हे सिद्ध करायला रात्री पावणेबारापर्यंत बावीस जण राबत होते. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाहीच. पण ते का आलं नाही, हे विचारायची कुणाची छातीही झाली नाही. याला म्हणतात संघटन.

एक काळजी मात्र घ्या. शिवीत नाव घालू नका, जागा मोकळी ठेवा. 22 नोव्हेंबर 2019 ला कितीतरी निष्ठावंत रात्री विरोधकांना शेलक्या शब्दांत हाणून झोपले, आणि सकाळी टीव्ही लावला तर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलेला. बरं, नव्या मित्रांची जुनी पापं पोटात घालावीत म्हणून मन तयार करताहेत, तोवर चार दिवसांत ते सरकारही गेलं. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तर आपल्या ठाण्यात याहून बिकट प्रसंग. घोषणा तीच, फोटो तेच, फक्त गद्दार कोण ते घराघरात वेगवेगळं ठरायला लागलं. नेत्यांना पक्ष बदलताना निदान विमान मिळतं. आपल्याला स्वतःचेच जुने स्टेटस पुसत बसावं लागतं.

जुन्या माणसांचे दाखले कुणी देऊ लागलं तर ऐकू नका. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंना सोलून काढलं, आणि 1964 मध्ये नेहरू गेले तेव्हा आपल्याच ‘मराठा’ दैनिकात गहिवरून लेखावर लेख लिहिले. इतका ढिलेपणा आज परवडेल? दोन्ही बाजूंनी स्क्रीनशॉट फिरतील.

आदर्श बघायचाच तर रविवारी सकाळी आमच्या मिसळवाल्याकडे या. तिथे दोन गृहस्थ येतात. वीस वर्षं दोघांनी ठाण्याहून एकच फास्ट लोकल धरली, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं खाल्लं, एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा पंगतीत जिलबी वाढत होता. 2022 पासून टेबलं वेगळी. तर्रीचं भांडं मात्र दोघांत एकच असतं, तेव्हा हा पोऱ्याला म्हणतो, ‘त्या टेबलावरून तर्री आण रे.’ तो म्हणतो, ‘संपली म्हणून सांग.’ भांडं काठोकाठ भरलेलं. पोऱ्या मध्ये उभा, कधी याच्याकडे बघतो, कधी त्याच्याकडे. नवीन आहे, शिकेल.

गेल्या रविवारी भिंतीवरच्या टीव्हीत कुठल्याशा लग्नाची दृश्यं चालली होती. याचे नेते आणि त्याचे नेते एकाच सोफ्यावर, मांडीला मांडी लावून, एकमेकांना टाळ्या देत खिदळताहेत. दोघांचेही पाव हातातच राहिले.

‘खोटा आहे व्हिडिओ,’ हा पुटपुटला.

‘हो ना, एआय,’ पलीकडच्या टेबलावरून आवाज आला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. हॉटेलात बसलं की असे धोके असतात, तेव्हा तुम्ही आपली मिसळ पार्सल घ्या.