वडिलांची सोनोग्राफी नॉर्मल आली आणि तरी किडनीचा आजार निघाला, त्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. वडिलांची सोनोग्राफी आमच्याकडे केली, रिपोर्टात दोन्ही किडन्या नॉर्मल लिहिल्या, आणि महिन्याभराने डॉक्टरांनी क्रॉनिक किडनी डिसीज (किडनीचा दीर्घकाळ टिकणारा आजार) सांगितला, म्हणजे आम्ही नीट बघितलंच नाही, निदान सीटी तरी सुचवायचा होता, असं तुमचं म्हणणं. राग येणारच. वडिलांचे आकडे मी इथे सगळ्यांसमोर लिहिणार नाही, पण त्या इमेज आज मी स्वतः परत काढून बघितल्या.

सोनोग्राफीत किडनीची रचना दिसते, ती रक्त किती गाळते ते दिसत नाही हो. उजव्या कुशीला प्रोब लावला की लिव्हर आणि किडनी एकाच फ्रेममध्ये शेजारी येतात, मग किडनीचा बाहेरचा थर लिव्हरपेक्षा पांढरा दिसतोय का, पातळ झालाय का, लांबी ९ सेंटीमीटरच्या खाली गेलीय का हे आम्ही बघतो. पण सुरुवातीच्या स्टेजला यातलं काहीच नसू शकतं. त्यात फॅटी लिव्हर असेल तर लिव्हरच पांढरं दिसतं, मग तुलना करायची कशाशी? आणि तुम्हीच लिहिलंय वडिलांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे, शुगरमध्ये आजार पुढे गेला तरी किडनी बरेचदा आकसत नाही, उलट कधी मोठीच दिसते.

सीटीनेही हे सापडलं नसतं, आणि सीटीत नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्टचं औषध कमजोर किडनीला त्रासाचं ठरू शकतं म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) बघावंच लागतं. खरं निदान क्रिएटिनिनवरून काढलेल्या ईजीएफआरवर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनवर होतं, ईजीएफआर ६० च्या खाली किंवा अल्ब्युमिन जास्त, आणि ते ३ महिन्यांहून जास्त टिकलं तर क्रॉनिक म्हणतात. सोनोग्राफी लागतेच, कारण खड्याने किंवा प्रोस्टेटने लघवी अडून किडनी फुगली असेल तर ते लगेच कळतं आणि अडथळा काढला की किडनी सावरू शकते.

पण एक चूक आमची आहे आणि ती मला लागली. काउंटरवर तुम्हाला 'सगळं नॉर्मल आहे, काळजी नको' असं सांगितलं गेलं, त्या भरवशावर तुम्ही रक्ताची तपासणी महिनाभर लांबवली. असं कुणी बोलायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता काउंटरवरून रिपोर्टचा अर्थ कुणी सांगणार नाही, आणि किडनीच्या प्रत्येक रिपोर्टात खाली ठळक ओळ टाकतोय की सोनोग्राफी नॉर्मल असली तरी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या, शुगर-बीपी असेल तर दरवर्षी.

वडिलांना घेऊन या, नाहीतर तुम्ही एकटे या, रक्ताचे सगळे जुने कागद सोबत आणा. इमेज स्क्रीनवर लावून दाखवतो, आणि तुमच्या डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर त्यांच्याशी मी स्वतः बोलतो.