‘मुलं वाचता वाचता अडखळतात’ – फॉन्टला दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार,

आपण आमचा हाताने काढलेला अरुंद फॉन्ट घेऊन मुलांच्या गोष्टींचं अख्खं पुस्तक १० पॉइंटमध्ये लावलंत. अक्षरं एकमेकांत घुसतात, ‘शुद्ध’मधला द्ध हा द्व वाटतो, आणि कुठलाही साधा फॉन्ट ७० टक्के रुंदीला दाबला तरी हेच मिळालं असतं, असं आपलं म्हणणं आहे.

द्धची चूक आमचीच. द-खाली लोंबणाऱ्या छोट्या ध-चं वरचं वेटोळं अरुंद जागेत बुजलंय. मोठ्या आकारातही मला ते आता खटकतं. आधी दिसलं नाही याची लाज वाटते. ते वेटोळं मोकळं करून नवी फाइल बनवतोय, आधीच्या सगळ्या ग्राहकांना ती फुकट मिळेल.

१० पॉइंटचं मात्र वेगळं आहे. हा मथळ्याचा फॉन्ट. भ, म, थ यांच्या गाठी आणि ष, ब यांच्या पोटातल्या पोकळ्या मुद्दाम चिंचोळ्या ठेवल्यात. ३६ पॉइंटच्या पुढे त्यात मजा येते, १० पॉइंटला तिथे नुसता शाईचा ठिपका उरतो. शिवाय आमच्या वेलांट्या उंच उडालेल्या आणि उकार खाली लोंबणारे, त्यामुळे आतल्या मजकुराच्या नेहमीच्या लीडिंगला (म्हणजे दोन ओळींमधल्या अंतराला) खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला जाऊन भिडणारच. हे विक्रीच्या पानावर ठळक लिहायला हवं होतं. काल लिहिलं.

दाबण्याचं म्हणाल, तर एकदा करून बघाच. साधा फॉन्ट आडवा दाबला की काना बारीक होतो आणि शिरोरेघ होती तेवढीच जाड राहते. अक्षर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसतं. आम्ही प्रत्येक अक्षर ब्रशपेनने अरुंदच काढलंय, म्हणून काना नि रेघ एका वजनाची आहेत. ‘पावसाळ्यातल्या गमतीजमती’ एवढं लांबलचक नाव मुखपृष्ठावर एका ओळीत मोठं बसवायचं असेल तेव्हा हा फॉन्ट कामाला येतो. खेळण्याचा खोका, पोस्टर, चित्रकथेतली ‘धप्प!’ ही त्याची हक्काची जागा.

एकच डुलणारा ‘र’ सगळीकडे दिसतो, अशीही आपली तक्रार आहे. र, न, त आणि काना यांची तीन-तीन रूपं आत आहेत, ती आळीपाळीने येतात. पण काही सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी अक्षरांची ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. (आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते.)

माझं ऐकाल तर आतला मजकूर एखाद्या साध्या, मोकळ्या पोटाच्या फॉन्टमध्ये लावा, आमचा फक्त गोष्टींच्या नावांना ठेवा. तरीही नकोच असेल तर खरेदीच्या ईमेलला उत्तर द्या, पूर्ण पैसे परत करतो. द्ध दुरुस्त झालेली फाइल आपल्याला तशीही पाठवणार आहे.