‘प्लँटरूममध्ये कधी पाय ठेवलाय का?’ : ‘एक वाचक’ यांना उत्तर

मॉड्युलर चिलर म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी छोटी यंत्रं (मॉड्यूल्स) एकत्र जोडलेला प्लँट. त्याची वीज कशी वाचवावी यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने ही प्रतिक्रिया आली आहे: “हे ब्रोशर वाचून लिहिलेलं वाटतं. प्लँटरूममध्ये कधी पाय ठेवलाय का? एका मोठ्या मशिनची एफिशियन्सी या डबड्यांना जन्मात येणार नाही. कॉम्प्रेसर जास्त, मेंटेनन्स जास्त. आणि पंपाचं गणितही चुकलंय.”

आधी पंपाचं. ती चूक माझीच. पंपाची वीज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते असं मी लिहिलं होतं, ते घनाच्या प्रमाणात हवं. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज कागदावर ५१ टक्क्यांवर येते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण तेवढंच सांगून थांबता आलं असतं की. ‘ब्रोशर वाचून’ आणि ‘पाय ठेवलाय का’ हे कशासाठी? मी तुम्हाला कधी भेटलेलो नाही, तुमचं काही बिघडवलेलं नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, कुणाकडून रुपया घेतलेला नाही. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामावर असं बोट ठेवणं मला तरी जमलं नसतं.

विचारलंच आहे तर ऐका. २००१ साली आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून मी हेल्पर म्हणून लागलो. पहिली दोन वर्षं अंधेरीतल्या एका बेसमेंटमध्ये गेली. कंडेन्सरच्या नळ्या ब्रशने साफ करायच्या आणि दर तासाला लॉगबुकात आकडे भरायचे. मनगटावर ब्रेझिंगचा (पाइप जोडताना भाजल्याचा) डाग अजून आहे. पुढे नोकरी सांभाळून डिप्लोमा केला. आज हाताखाली माणसं आहेत, तरी प्लँट बघायला गेलो की आधी पाइपला हात लावतो, मग स्क्रीनकडे बघतो.

ज्या लेखाला तुम्ही ब्रोशर म्हणता, तो एका गच्चीवर सुचला. नाशिककडचं एक रुग्णालय, नाव सांगत नाही. प्रत्येकी ३० टनांची (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) चार एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारी, मॉड्यूल्स एकाच हेडरवर, म्हणजे सगळ्यांचं पाणी एकत्र येतं त्या मोठ्या पाइपवर. तक्रार अशी की रात्री ऑपरेशन थिएटरमधली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाते. दोन मॉड्यूल्स चालू, दोन बंद. चालू मॉड्यूलच्या पडद्यावर बाहेर जाणारं पाणी ७ अंश. हेडरच्या थर्मामीटरवर मात्र साडेनऊ. दोन्ही आकडे खरे होते. मी बंद मॉड्यूलच्या आउटलेट पाइपवर हात ठेवला, तर आत पाणी वाहत होतं! इमारतीतून परत आलेलं १२ अंशांचं पाणी बंद मॉड्यूलमधून जसंच्या तसं पलीकडे जाऊन ७ अंशांच्या पाण्यात मिसळत होतं. निम्मं सातचं, निम्मं बाराचं, म्हणजे साडेनऊ.

प्रत्येक मॉड्यूलला मोटराइज्ड बटरफ्लाय व्हॉल्व्ह होता. मॉड्यूल थांबलं की तो बंद व्हायला हवा. पण ॲक्च्युएटरची (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरची) वायर काढलेली होती आणि व्हॉल्व्हचा दांडा सुतळीने उघड्या बाजूला बांधलेला. सुतळी पावसाने काळी पडली होती, म्हणजे बरेच महिने तशीच असणार. ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, व्हॉल्व्ह उघडायला वेळ घेतो, तोवर फ्लो स्विच ट्रिप मारतो. उघडा ठेवला की कटकट नाही.” फ्लो स्विच म्हणजे पाणी वाहत नसेल तर मशिन बंद पाडणारा स्विच. ऑपरेटरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच कॉम्प्रेसर सुरू व्हावा, हा विलंब कंट्रोलरमध्ये घालायचं काम ज्याचं होतं, त्याने ते केलं नव्हतं.

आता पुढची साखळी बघा. साडेनऊच्या पाण्याने एएचयूची (थिएटरला थंड हवा देणाऱ्या युनिटची) कॉइल हवेतली ओल पुरेशी काढत नाही, म्हणून थिएटर दमट. दमट म्हणून ऑपरेटर सेटपॉइंट (बाहेर जाणाऱ्या पाण्याचं ठरवून दिलेलं तापमान) ७ वरून ५ वर नेतो. सेटपॉइंट एका अंशाने खाली आला की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते, शिवाय पाणी जिथे थंड होतं त्या प्लेट एक्सचेंजरमध्ये ते गोठायची भीती. तरीही भागत नाही, मग तिसरं मॉड्यूल सुरू. लोड दोनाचा, चालतात तीन, आणि पंप रात्रभर चौघांचं पाणी फिरवत बसलेला. आम्ही व्हॉल्व्ह जोडले, विलंब घातला, पंपाला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि लाइनच्या टोकाला डिफरन्शियल प्रेशरचा (दाबातल्या फरकाचा) सेन्सर बसवला. सेटपॉइंट परत ७ वर. त्याच रात्री हेडर सातवर आला आणि तिसरं मॉड्यूल सुरू झालं नाही. पंपाची बचत घनाच्या नियमाइतकी होत नाही, कारण टोकाला ठरावीक प्रेशर राखावंच लागतं. हे लेखातही होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर दिसलं असतं.

हे सगळं कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेलं असतं, ते सांगाच.

राहिली एफिशियन्सी. मोठ्या वॉटर-कूल्ड (पाण्याने थंड होणाऱ्या) सेंट्रिफ्यूगल मशिनला टनामागे ०.६ किलोवॉटच्या आसपास वीज लागते आणि छोट्या एअर-कूल्ड स्क्रोल मशिनला जवळपास दुप्पट, हे मला हेल्पर असल्यापासून माहीत आहे. पण ते आकडे पूर्ण लोडचे. अमेरिकेच्या एएचआरआय या एसी-उत्पादकांच्या संघटनेच्या आयपीएलव्ही मानकात (वेगवेगळ्या लोडच्या एफिशियन्सीला वजन देऊन काढलेल्या सरासरीत) पूर्ण लोडला फक्त १ टक्का वजन आहे. ७५ टक्के लोडला ४२, ५० ला ४५ आणि २५ ला १२. ती वजनं तिथल्या हवामानावरची आहेत, मान्य. तरी १२० टनांच्या रुग्णालयाला, जिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे वॉटर-कूल्ड मशिनच्या कूलिंग टॉवरला पाणी कुठून आणायचं, ते तुमच्या एका वाक्यात बसत नाही. मेंटेनन्सवर पुन्हा कधीतरी. त्यावर भांडण्यात मला आज रस नाही.

तुमच्याकडे प्लँट असेल तर एवढं करा. रात्री अकरानंतर बंद मॉड्यूलच्या आउटलेटवर हात ठेवा, हेडरचा थर्मामीटर वाचा आणि दोन्हीकडे काय आढळलं ते इथे लिहा. मी उत्तर देईन. या वेळी खाली स्वतःचं नावही लिहा.