लॉगिन वगळून टेस्ट: ‘पळवाट शिकवताय’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) टेस्टमध्ये, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये, लॉगिन फॉर्म न भरता ‘फोर्स लॉगिन’ने वापरकर्ता थेट आत सोडा, असं मी लिहिलं, खरा वापरकर्ता तसा येत नाही, म्हणजे टेस्टच खोटी, वर नवख्या मुलांना सुरक्षेला बगल द्यायची सवय लागते. शेवटी ओटीपीचं काय करायचं, असंही विचारलंत.

सवयीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात आपण एकाच बाजूला आहोत. लॉगिन दोन ठिकाणी वगळता येतं: टेस्टच्या कोडमध्ये किंवा ॲपच्या कोडमध्ये. मी पहिल्याबद्दल लिहिलं होतं, तुम्हाला धास्ती दुसऱ्याची आहे आणि ती रास्तच आहे. सेटिंग्जमध्ये ‘स्किप लॉगिन’ नावाचा फ्लॅग (चालू-बंद खूण) आणि व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये, ‘फ्लॅग असेल तर पासवर्ड बघू नको’ अशी एक ओळ, हा प्रकार बऱ्याच कोडमध्ये दिसतो. हा फ्लॅग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या सेटिंगमधून येतो, आणि प्रॉडक्शनवर (लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) कोणीतरी काळजीपूर्वक त्यापुढे ‘फॉल्स’ लिहून ठेवतो. पायथनच्या हाती मात्र येते एक साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ‘इफ’मध्ये खरीच ठरते. बंद म्हणून लिहिलेला फ्लॅग चालू! कोड रिव्ह्यूत ही ओळ निरुपद्रवी दिसते, हेच वाईट.

‘अमुक हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी जोड-माहिती) आला तर आत सोड’ ही युक्तीही त्याच माळेतली. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्ट वेब फ्रेमवर्कची जी मोठी त्रुटी जाहीर झाली, ती आठवा. मिडलवेअर (रिक्वेस्ट पानापर्यंत पोचण्याआधी चालणारा कोड) स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत राहू नये म्हणून फ्रेमवर्क एक अंतर्गत हेडर वापरत होतं. तोच हेडर बाहेरून कोणी पाठवला की मिडलवेअर चालतच नसे, आणि कित्येक ॲप्सची लॉगिन तपासणी नेमकी तिथेच होती. तो हेडर टेस्टसाठी नव्हता, हे खरं. पण बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्टवर विश्वास ठेवून तपासणी सोडली की काय होतं, ते त्यातून कळतं.

आता ‘खोटी टेस्ट’. फोर्स लॉगिन डेटाबेसमध्ये सेशन (कोण आत आहे याची नोंद) तयार करतं आणि त्याची कुकी, म्हणजे त्या नोंदीची ओळखचिठ्ठी, टेस्ट क्लायंटच्या (टेस्टमधल्या नकली ब्राउझरच्या) हातात देतं, बस. पुढची रिक्वेस्ट नेहमीच्याच वाटेने जाते: मिडलवेअर सेशन वाचतो, लॉगिन लागतं का हे डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची तपासणीची ओळ) बघतो, परवानगी आहे का तेही बघतो. वगळली जाते ती फक्त ओळख पटवण्याची पायरी. याउलट फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कच्या फ्लास्क-लॉगिन लायब्ररीमधली ‘लॉगिन डिसेबल्ड’ ही सेटिंग चालू केलीत, तर डेकोरेटर तपासणीच सोडून देतो. मग उद्या कोणी तो डेकोरेटर चुकून खोडला तरी सगळ्या टेस्ट हिरव्याच (पासच) राहतील. तुमचा राग या दुसऱ्या प्रकारावर असेल तर मी तुमच्यासोबत आहे.

प्रत्येक टेस्टमध्ये खराखुरा पासवर्ड टाकायचा म्हटलं तर वेळ किती जातो तेही बघा. जँगो ५.२ मध्ये पासवर्ड हॅश करताना (उलगडता न येणाऱ्या रूपात बदलताना) डीफॉल्ट १० लाख आवर्तनं होतात. ते मुद्दाम संथ ठेवलेलं आहे, चोराला पासवर्ड ओळखणं जड जावं म्हणून. टेस्टपुरता एमडी५ हा झटपट पण कमकुवत हॅशर लावा, असं जँगोचं डॉक्युमेंटेशनच सुचवतं. पण तो लावला की ‘अगदी खऱ्यासारखं’ हा आग्रह तिथेच सुटला ना?

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मोठ्या धोक्यांच्या २०१७ च्या यादीत ओळख पटवण्यातल्या चुका दुसऱ्या क्रमांकावर होत्या आणि प्रवेश-नियंत्रणातल्या (कोणाला काय बघता-करता येतं, यातल्या) पाचव्या. २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रण पहिल्यावर आलं आणि ओळख सातव्यावर गेली. म्हणजे लॉगिन झालेल्या माणसाने दुसऱ्याचं काही बघणं, हे दुखणं मोठं. एका ग्राहकाने पानाच्या वेब पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याचं बिल उघडलं तर ४०४ (‘पान सापडलं नाही’) मिळतो का? हिशेबनीसाला पगारपत्रक दिसतं, शिपायाला दिसत नाही ना? अशा टेस्ट ढिगाने लागतात, प्रत्येकीत दोन-तीन वापरकर्ते लागतात. एका ओळीत वापरकर्ता बदलता आला तरच लोक त्या लिहितात. दरवेळी फॉर्म भरायला लावलात की ॲडमिनने सगळं उघडून बघितलं, चाललं, अशी एकच टेस्ट उरते.

खऱ्या लॉगिनच्या टेस्ट अर्थातच हव्यात, फक्त मोजक्या: बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, लॉगआउटनंतर जुनी कुकी चालते का, लॉगिननंतर परत पाठवताना पत्ता भलत्याच साइटचा असेल तर काय होतं. बंद केलेल्या खात्याची टेस्टही फॉर्म भरूनच करा, कारण फोर्स लॉगिन पासवर्डसोबत खात्याची स्थितीही न बघता सेशन बनवतं. आणि एक टेस्ट अशी असू द्या, जी लॉगिन न करता प्रत्येक पानावर जाते आणि हाकलून लावलं जातं का ते तपासते. ही एक टेस्ट तुमची निम्मी काळजी मिटवेल.

ब्राउझर टेस्टमध्ये प्लेराइट (खरा ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) एकदाच खरं लॉगिन करून कुकीज फाइलमध्ये जपून ठेवतं. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, ढकलू नका. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते खातं.

राहिला ओटीपी. ऑथेंटिकेटर ॲपचा असेल तर सोपं आहे: टेस्ट खात्याची सीक्रेट की टेस्टकडे असते, ३० सेकंदांचा कोड तिथेच काढता येतो. एसएमएसचा असेल तर मेसेज पाठवणारा भागच टेस्टमध्ये बदला आणि पाठवलेला कोड तिथून उचला. ‘१२३४५६ कुठल्याही नंबरला चालेल’ असं स्टेजिंगसाठी (प्रॉडक्शनआधीच्या चाचणी-सर्व्हरसाठी) लिहिलेलं मात्र आजच काढा. ॲप स्टोअरच्या तपासनिसांना चालू खातं द्यावं लागतं म्हणून ठरावीक कोडचा एखादा नंबर प्रॉडक्शनवर ठेवणं भाग पडतं, हे मान्य. तो एकच नंबर असू द्या, त्याला खरा डेटा दिसू देऊ नका, आणि त्या खात्याने लॉगिन केलं की टीमला सूचना जाईल असं करा.